एका माणसाचा स्वयंपाक

थोरल्या बाईंना एका माणसाचा स्वयंपाक येत नव्हता. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल, कारण लग्नाच्या पंगतीची आमटी त्या एकहाती उतरवायच्या आणि मीठ कधी चुकायचं नाही. पण त्यांचा हातच मोठा होता. तांदूळ घ्यायचे ते सुपाने, पिठल्याला पाणी घालायचं ते कळशीने. घर कसलं, खानावळ होती ती. सासूबाई, नवरा, दीर, जाऊ, दोघांची पोरं, माहेरी परत आलेली एक नणंद, शिकायला ठेवून घेतलेली पाहुण्यांची पोरं आणि ताटं मांडली की नेमका टपकणारा कुणीतरी. या सगळ्यांची चूल एक, आणि त्या चुलीपुढे थोरली सून म्हणून बाई. दुरडीभर भाकरी थापून झाल्या की त्या साडी बदलून शाळेत यायच्या आणि इंग्रजी शिकवायच्या.

लोहाऱ्याजवळच्या त्या गावात मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मला वाटलं, वयाने मोठ्या म्हणून यांना थोरल्या बाई म्हणत असतील. तसं नव्हतं. घरात त्या थोरली, म्हणून गल्लीत थोरली वहिनी, म्हणून शाळेत थोरल्या बाई. हेडसर तेच म्हणायचे, शिपाईही तेच म्हणायचा, आणि पोरंही. पुढे पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा त्याने त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात त्यांचं नाव घेऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "अशी कुणी बाई न्हाय बघा इथं." पोलीस निघालाच होता. बाई स्वतः त्या वेळी दुकानात साखर घ्यायला उभ्या होत्या, आणि त्यांनाही क्षणभर आपल्याबद्दल विचारतायत हे कळलं नाही. हा किस्सा त्या हसून सांगायच्या. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

त्यांचं एक पालुपद होतं, "सगळ्यांचं झालं का?" वर्गात फळ्यावरचं पुसायच्या आधी त्या मागच्या बाकापर्यंत चालत जायच्या आणि विचारायच्या, "सगळ्यांचं झालं का?" एखादीचं व्हायचं असलं की थांबायच्या. त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम कायम मागे असायचा आणि हेडसर कुरकुरायचे, पण निकाल लागला की गप्प बसायचे. घरीही तेच. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते. बायकांची पंगत उठली, भांडी घासायला गेली, तरी बाई चुलीपुढेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं का बघते, मग बसते की." मग पातेल्याच्या बुडाशी उरलेली आमटी आणि करपलेली अर्धी भाकरी घेऊन उभ्याउभ्याच जेवल्या.

परदेशातल्या एका शाळेशी आमच्या संस्थेचं जमलं. त्यांची एक शिक्षिका आमच्याकडे काही महिने येणार, आपली एक त्यांच्याकडे वर्षभर जाणार. देश होता आयर्लंड. "हे तर साटंलोटंच झालं की," हेडसर म्हणाले, "त्यांची लेक आपल्या घरात, आपली त्यांच्या घरात." निवडायला आलेल्या मंडळींनी सगळ्यांचे तास पाहिले. सगळ्यांनी त्या दिवसासाठी तक्ते रंगवले होते, गाणी बसवली होती. बाईंनी नेहमीचा धडा नेहमीसारखा घेतला आणि फळा पुसायच्या आधी मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या. त्यांचीच निवड झाली. मी आयुष्यात सरकारी, निमसरकारी, कसलीच इतकी सरळ निवड परत पाहिली नाही.

आधी तिकडची शिक्षिका आली, मेरी नावाची. दिवाळीनंतर आली ती होळीपर्यंत राहिली, बाईंच्याच घरी. आता इथं माझा पहिला राग सांगते. बाईंचे गुडघे दुखायचे. घरात कमोड बसवा असं त्या कित्येक वर्षं म्हणत होत्या आणि "एवढं काय वय झालंय तुझं" असं म्हणून विषय उडवला जायचा. मेरी येणार म्हटल्यावर आठवड्याच्या आत गवंडी आला, फरशी आली, कमोड आला, दाराला आतून कडीसुद्धा आली. मेरी गेल्यावर सासूबाईंनी त्या संडासाला कुलूप लावलं. पाहुण्यांसाठी राहू दे म्हणाल्या.

सासूबाईंना घरात सगळे माय म्हणत. माय वाईट नव्हत्या, हे मला कबूल करावं लागतं. मेरीला त्यांनी मांडीशी बसवून भाकरी थापायला शिकवलं, तिच्या वेणीला तेल लावलं, ती गेली तेव्हा ओटी भरताना रडल्या. भूकंपाने गाव बसलं तेव्हा मायंनीच पत्र्याच्या शेडात दगडं मांडून चूल पेटवली होती आणि आपलं घर, शेजारचं घर, ज्यांचं कुणी उरलं नव्हतं ती माणसं, सगळी त्या एका चुलीवर जगवली होती. नंतर गाव नव्या जागी वसलं, एकसारखी घरं मिळाली, बहुतेक घरांतल्या भावाभावांनी वाटण्या करून वेगळी दारं पाडली. मायंची चूल तेवढी एक राहिली. गावात त्यांचं वजन होतं ते जमिनीमुळे नाही, त्या चुलीमुळे. "माझ्या जित्तेपणी दुसरी चूल पेटू देनार न्हाय," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. त्यांनी पेटवलेल्या चुलीपुढे रोज दुसरंच कुणी बसतं, हे मात्र त्यांना कधी सांगावंसं वाटलं नाही.

जायच्या आधी मेरीने आपल्या घराचे फोटो मोबाईलवर दाखवले. तेवढं वर्ष मेरी आपल्या आईकडे राहणार होती आणि बाई त्या घरात, एकट्या. समुद्र, चर्च, शाळा हे सगळं बाईंनी भराभर पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या फोटोवर थांबल्या. ओट्यावर एक छोटं पातेलं, एक ताटली, एक कप. "एवढुसं पातेलं?" त्या मला म्हणाल्या. "ह्यात शिजतंय तरी काय गं?" दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं. मी गावात एक खोली भाड्याने घेऊन एकटी राहायचे, माझा स्वयंपाक एका माणसाचा असायचा. "मला शिकव," म्हणाल्या. "तिकडं गेल्यावर रोज घमेलंभर करून ठेवीन आन् वर्षभर शिळं खात बसंन."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या माझ्या खोलीवर यायच्या. पहिल्या शनिवारी पिठलं केलं. मी म्हटलं, बाई, दोन चमचे बेसन. त्यांनी डब्यात हात घातला आणि मूठ काढली. ती मूठ बघून मी कपाळावर हात मारला. त्या दिवशीचं पिठलं आम्ही दोघी जेवलो, घरमालकीण जेवली, तिची सून जेवली, तरी उरलं. पुढच्या शनिवारी खिचडी, ती चौघांची झाली. हळूहळू तिघांची, मग दोघींची. दोघींच्या खाली मात्र त्यांचा हात येईना. एकदा त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "एका माणसाची भूक असती किती गं?"

"तुमची किती असते?" मी म्हटलं.

"मला म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. "म्या आजवर उरलंय तेवढंच खाल्लंय."

हे त्यांनी दुःखाने सांगितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. त्यांनी ते पत्ता सांगावा तसं सांगितलं आणि पुन्हा बेसन चाळायला घेतलं.

बाकीची तयारी झपाट्याने होत होती. सोलापुरातून जाड कोट आणला. आमटीला लावायचं येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांचे डबे भरले. तिकडच्या पोरांना दाखवायला ज्वारीचं एक वाळलेलं कणीस फडक्यात गुंडाळून घेतलं. गावातल्या बायका घरोघर बोलावून ओटी भरू लागल्या. नवरा, म्हणजे अण्णा, सगळ्यांना सांगायचे, "जाऊ द्या की. मी कशाला न्हाय म्हनू?" हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की मला शंका यायला हवी होती. तोंडावर नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. अण्णांशी भांडायची सोय नव्हती.

मग माझ्या घरमालकिणीकडे पाहुणे राहायला आले आणि शनिवारचा वर्ग बंद पडला. निघायला थोडेच दिवस उरले होते. बाईंनी लोहाऱ्याच्या बाजारातून स्वतःसाठी एक छोटं पातेलं घेतलं आणि एक विजेची शेगडी. गच्चीवर त्यांची पत्र्याची खोली होती, तिथे त्या शाळेतून आल्यावर चहाच्या वेळी सराव करायला लागल्या. मंगळवारी मला सांगितलं, "जमायलंय गं. काल एकीचंच वरण झालं. एक वाटी. बरोबर एक वाटी!" पहिला नंबर आलेली पोरगी सांगते तसं त्यांनी ते सांगितलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

त्याच आठवड्यात माय वाळवण बघायला गच्चीवर गेल्या. खोलीचं दार उघडं होतं. आत शेगडी, शेगडीवर पातेलं, पातेल्यात एका माणसापुरता भात. माय खाली आल्या आणि भिंतीशी बसल्या. जाऊबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "थोरलीनं चूल मांडली."

ज्यांनी अशी घरं पाहिली आहेत त्यांना मी पुढचं सांगायची गरज नाही. वेगळं पातेलं म्हणजे वेगळी चूल, वेगळी चूल म्हणजे वाटणी. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, रात्रीपर्यंत लोहाऱ्यातल्या सोयऱ्यांचा फोन आला. परदेशाचं निमित्त आहे, आल्यावर ही वेगळीच राहणार, तिकडचा पैसा घरात द्यायचा नाही म्हणून आधीच तयारी चाललीय. ज्या दिरांनी मेरीसाठी उत्साहाने गवंडी आणला होता, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "वहिनींनी मांडलीच हाय तर आता रीतसर करून टाकू. रानाचंबी बघून घेऊ." त्यांच्या मनात वाटणी किती दिवसांपासून शिजत होती देव जाणे. पेटवायला कुणीतरी हवं होतं, ते आयतं मिळालं.

मी त्या सकाळी तिथे होते, बाईंना घेऊन पासपोर्टचे झेरॉक्स काढायला लोहाऱ्याला जायचं होतं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. तिकडे एकटं राहायचंय, मला एका माणसाचं करता येत नाही, म्हणून शिकत होते. कुणाचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? ज्या बाईच्या हातचं सगळं घर रोज दोन वेळा जेवतं, तिला वाटीभर भात येत नाही?

"एका मानसाचं रांधायला शिकावं लागतंय व्हय?" जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी मध्ये बोलले. मी शिकवत होते, माझ्या खोलीवर येत होत्या, विचारा घरमालकिणीला. माय माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी एकल्या ऱ्हाता बाई. तुमाला न्हाय कळायचं."

बाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "तुला जाऊ नगं म्हनलंय का कुणी? जा की. घराचं काय व्हायचं ते हुईल."

माय तेवढ्यात रडायला लागल्या. आवाज नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. "शेडात असताना बी एकच व्हती गं थोरले," एवढंच म्हणाल्या. बाई उठल्या, गच्चीवर गेल्या, ते पातेलं घेऊन आल्या आणि मायंच्या पुढ्यात ठेवलं. "घ्या माय," म्हणाल्या, "न्हाय जात मी." आणि वळून आत गेल्या, कारण दुपारच्या भाकरी व्हायच्या होत्या.

मी त्यांच्यावर फार चिडले. शाळेच्या व्हरांड्यात जवळजवळ ओरडले, "तुम्ही गेल्या असता तर काय झालं असतं? मोडलं असतं घर, तर मोडू द्यायचं!" बाई म्हणाल्या, "मोडलं असतं तर थोरलीनं मोडलं म्हनले असते. आन् मला तिथं वर्षभर घास गिळला नसता." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मलाच समजावलं, हे मला आजही सहन होत नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या शाळेतले एक सर गेले. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमच्या घरच्या चुलीचं काय. त्यांचं विमान ज्या दिवशी उडालं त्या दिवशी बाई शाळेत आल्या, धडा घेतला आणि फळा पुसायच्या आधी मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या.

सोलापूरचा कोट थंडीत रानात पाणी धरणाऱ्या सालगड्याला दिला गेला. गावभर तो कोट दिसायचा. गावातल्या बायकांनी ओटी भरली होती त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना, म्हणून त्या विषयावर कुणी बोलायचंच नाही असं ठरून गेलं.

आणि चूल? ती तरी टिकली असती तर मी गप्प बसले असते. पुढच्या वर्षी माय गेल्या. त्यांचा तेराव्याचा स्वयंपाक बाईंनी उतरवला, सगळा गाव जेवला, आणि मांडव काढायच्या आधी दिरांनी वाटणीचं काढलं. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत आली. भांडी वाटली गेली. मोठी पातेली जाऊबाईंकडे गेली, त्यांच्याकडे माणसं जास्त होती. ते छोटं पातेलं कुणी मागितलं नाही, ते बाईंच्या वाट्याला आलं. त्या कमोडच्या संडासाची चावी कुणाकडे यावरून मात्र दोन दिवस भांडण झालं.

माझी त्यानंतर उमरग्याला बदली झाली. बातम्या कानावर यायच्या. बाईंचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडेच राहिला. अण्णा एका पावसाळ्यात छातीत दुखून गेले. बाई निवृत्त झाल्या. मुलगा या म्हणतो, पण त्यांचा जीव तिथे रमत नाही, असं लोक सांगायचे. खरं म्हणजे पुण्याच्या त्या घरातही त्यांना एक चूल मिळाली असती, इतकंच.

गेल्या वर्षी मी लोहाऱ्याला एका कामाला गेले होते. न कळवता त्यांच्याकडे गेले. भर दुपार होती. भिंतीच्या पलीकडून जाऊबाईंच्या नातवंडांचा गोंधळ ऐकू येत होता, अलीकडे कुकरचाही आवाज नव्हता. बाई मला बघून इतक्या हरखल्या की दारातच हात धरून उभ्या राहिल्या. केस पार पांढरे झाले होते. "जेवायच्या वेळंला आलीस ते बरं झालं," म्हणाल्या, आणि मला बसवून लगेच ताट वाढायला लागल्या. एक भाकरी. पिठलं. ते त्याच छोट्या पातेल्यातलं होतं.

"तुमचं ताट?" मी विचारलं.

"माझं झालं की आत्ताच."

मांडणीवर त्यांची ताटली उपडी होती, कोरडी ठणठणीत. तव्याखालचा गॅस नुकता बंद केलेला, तवा अजून तापलेला. त्यांना कळलं की मला कळलंय, आणि त्या तशाच हसत समोर बसल्या. मी ताट सारलं असतं तर त्यांना ते कधीच विसरता आलं नसतं. म्हणून मी जेवले. पिठलं पहिल्यासारखंच होतं, मीठ तेवढंच, ठसका तेवढाच. एक एक घास घशाखाली उतरवताना मला त्या ओसरीवरचं एक एक माणूस आठवत होतं, आणि ज्यांना शिव्या द्यायच्या त्यातले निम्मे मरून गेले होते.

माझं जेवण होईपर्यंत त्या मेरीची खबर सांगत राहिल्या. ती अजून दिवाळीला फोन करते. "ये म्हनती अजून. येडी हाय." मग मी हात धुऊन आले तर त्या ते पातेलं माझ्यापुढे तिरकं करून दाखवत होत्या, शनिवारी माझ्या खोलीवर दाखवायच्या तसंच.

"बघ," म्हणाल्या, "एका मानसाचं बरोबर जमतंय का न्हाय आता?"

मी पातेल्यात बघितलं. खरंच काही उरलं नव्हतं.